साडूंचा भाता

धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांत रस्त्याकडेला बंद पडलेलं असं एकही वाहन नसेल, ज्याला माझ्या थोरल्या साडूंचा दोर ठाऊक नाही. मी आकड्यांचा माणूस आहे, त्यामुळे असं विधान करताना हात जड होतो. म्हणून एकदा त्यांच्याजवळ बसून मी रीतसर यादी केली. आठवली तेवढी वाहनं एकशे बारा भरली. त्यांत सात ट्रॅक्टर होते, एक आइस्क्रीमची गाडी होती आणि एक रोडरोलर होता. चौकशीअंती कळलं की रोडरोलर हलला नव्हता, त्याला फक्त दोर बांधून पाहिला होता. तो वगळू या, असं मी म्हणालो. साडू म्हणाले, "दोर बांधा ना? मंग धरा." (बांधला ना, मग यादीत धरा.) मी धरला.

साडू, म्हणजे आमचे नाना, शिंदखेड्याचे. शेती आहे, बी-बियाण्यांचं लहानसं दुकान आहे, पण जीव सगळा टोचनात. बंद गाडीला दोर बांधून ओढत नेण्याला आपल्याकडे टोचन म्हणतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ते पुण्यकर्म आहे, हे फक्त साडूंना. यासाठी त्यांच्याकडे एक जुनी पिकअप आहे आणि मनगटाएवढा जाड नायलॉनचा दोर आहे. दर पंधरा दिवसांनी तो दोर साबणाने धुतला जातो आणि अंगणातल्या तारेवर वाळत पडतो. त्या दिवशी आमच्या अक्कांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीच्या, साड्या खुर्च्यांवर वाळतात. चाळीसगावला एका लग्नात नवरदेवाची सजवलेली गाडी मंडपाच्या अर्धा किलोमीटर अलीकडे बंद पडली, तेव्हा साडू जेवता जेवता हात धुवून उठले. दोर वाईट दिसू नये म्हणून त्यांनी त्याला झेंडूच्या माळा गुंडाळल्या आणि वरात टोचनावर मंडपात आणली. त्या लग्नाच्या फोटोंत नवरदेवापेक्षा आमची पिकअप ठळक आली आहे. ट्रॅक्टर असताना पिकअपने कशाला ओढता, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, ट्रॅक्टर पोचेपर्यंत गाडीवाल्याचा धीर सुटतो, आणि धीर सुटलेल्या माणसाला दोर बांधता येत नाही.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी. कोणीही त्यांच्या दारातून निघालं की ते खिडकीशी वाकून एकच प्रश्न विचारतात, "पानी देखं का?" म्हणजे रेडिएटरचं पाणी पाहिलंत का. हा प्रश्न त्यांनी सायकलवाल्या पोस्टमनला विचारलेला मी ऐकला आहे. मला तो लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून एकवीस वर्षं विचारला गेला. पहिली नऊ वर्षं माझ्याकडे गाडीच नव्हती.

एके दिवशी दुपारी त्यांचा फोन आला. "साडूभाऊ, सुपरचार्जर आना." (आणला, असा त्याचा अर्थ.) मी विचारलं, "किती वॉटचा?" इकडे बायको म्हणाली, आपलाही चार्जर बिघडलाय, दोन आणायला सांगा. मीही तो निरोप तसाच दिला. हा प्रसंग साडूंनी नंतर कुठेही सांगितला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर चार ठिकाणी सांगितला असता.

वस्तू पाहायला मी रविवारी धुळ्याला गेलो. तिथल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींच्या गॅरेजात ती लाकडी खोक्यावर ठेवली होती. भंगारात निघालेल्या कुठल्याशा परदेशी गाडीचा तो अवयव, आकाराने साधारण मोठ्या दुधी भोपळ्याएवढा. पिकअपचं इंजिन जुन्या पद्धतीचं, आपल्याआपण जेवढी हवा ओढता येईल तेवढीच ओढणारं. हे यंत्र इंजिनच्याच पट्ट्यावर फिरतं आणि जास्तीची हवा आत कोंबतं. हवा जास्त तर डिझेल जास्त जळतं, आणि चढावर ओढ वाढते. मिस्त्रींनी मला हे वीस मिनिटं समजावलं. साडूंनी एका वाक्यात संपवलं, "लोहारना भाता शे हाऊ. माणूसले दम लागस, तसा इंजिनले बी लागस." तेव्हापासून त्याचं नाव भाता पडलं. गाडीत असा बदल परवानगीशिवाय चालत नाही, हे मी त्यांना दोनदा तोंडी आणि एकदा लेखी कळवलं. मग त्यांनीच अर्ज माझ्याकडून भरून घेतला. 'बदलाचे कारण' या रकान्यात त्यांनी मला 'दम' असं लिहायला लावलं. तो अर्ज द्यायला मला धीर झाला नाही. अजून माझ्या कपाटात आहे.

भात्याचं खरं कारण आमची धाकटी मेव्हणी होती. तिचा नवरा सुरतेला कामाला. ती धुळ्यात कित्येक वर्षं घरी डबे करायची. आता तिने चाकांवरचं स्वयंपाकघर बनवून घ्यायचं ठरवलं होतं. लळिंग घाट चढून गेलं की आर्वीजवळ महामार्गावर एका पेट्रोल पंपाच्या आवारात तिला जागा मिळाली होती, आणि पहिल्याच दिवशी दुपारी पंचेचाळीस माणसांची एक बस शेवभाजी जेवायला थांबणार होती. बस चुकली तर जागाही जाईल, असं पंपवाल्याने स्वच्छ सांगितलं होतं. ती लोखंडी ट्रॉली घाटावर नेण्याचं काम साडूंनी अंगावर घेतलं आणि तिच्या वजनाचं काम मी.

मी पाटबंधारे खात्यात तेव्हा सत्तावीस वर्षं अंदाजपत्रकं बनवत होतो. वजन काढायला क्रेनवाल्याकडे जायचं, म्हणजे माझा अपमानच. मी वेल्डिंगवाल्याकडे जाऊन टेपने सगळं मोजलं. लोखंड सहाशे बारा किलो, पत्रा एकशे अठ्ठेचाळीस, ओट्याचा कडप्पा एकशे नव्वद, शेगड्या आणि भांडी एकशे छत्तीस, दोन सिलिंडर चौऱ्याहत्तर, प्लास्टिकची पाचशे लिटरची टाकी चौदा. एकूण अकराशे चौऱ्याहत्तर. त्यावर अकल्पित बाबींसाठी पाच टक्के धरून, अपूर्णांक वर उचलून, बाराशे तेहेतीस. कागदाखाली मी सही केली. एवढं वजन भात्यासकट पिकअप हसत हसत नेईल, असं मिस्त्री म्हणाले. साडूंनी कागद लांब धरून वाचला आणि विचारलं, "साडूभाऊ, बठ्ठं धरं ना?" (सगळं धरलंत ना.) मला जरा रागच आला. मी म्हणालो, "नाना, स्क्रूसुद्धा धरलेत."

निघायच्या दिवशी सकाळी मेव्हणीचा फोन आला. "भाऊजी, टाकी भरून घेऊ का? आर्वीला पाणी उद्या संध्याकाळी येणार म्हणे." मी दाढी करत होतो. "घे की," मी म्हणालो, "टाकी कशासाठी असते?"

दुपारी दोनला आम्ही निघालो. पिकअपमध्ये साडू आणि मेव्हणी, मागे ट्रॉली, तिच्यामागे माझी गाडी चारही दिवे लुकलुकवत. सपाटीवर भात्याने अशी काही शीळ धरली की ढाब्यावरची माणसं खाटेवर उठून बसली. लळिंगचा चढ सुरू झाला तसा आम्ही एक भरलेला ट्रकही मागे टाकला. साडूंनी खिडकीतून हात बाहेर काढून मला अंगठा दाखवला. मीही दाखवला. अर्ध्या चढावर जळक्या रबराचा वास आला, शीळ रडकी झाली, आणि पिकअप उभी राहिली.

मी उतरून चाकांमागे दगड लावले. साडू बॉनेट उघडून भात्याच्या झिजलेल्या, धुरकटलेल्या पट्ट्याकडे पाहत होते. मी ट्रॉलीच्या बाजूने पुढे निघालो आणि तिच्या पोटातून आवाज आला. गुडगुड, मग लाटेसारखी एक थाप, मग पुन्हा गुडगुड. सत्तावीस वर्षं ज्याच्या पगारावर जगलो, तो आवाज मी कसा ओळखणार नाही? पाचशे लिटर म्हणजे पाचशे किलो, याला कागदसुद्धा लागत नाही. आख्ख्या हिशेबात मी टाकीचे चौदा किलो धरले होते. पाटबंधारे खात्याचा माणूस पाणी विसरला होता.

मान वर केली तर साडू समोरच होते. त्यांनी टाकीवर तळहात ठेवला, बोटांनी हळूच वाजवून पाहिली आणि माझ्याकडे बघितलं. कदाचित तीन सेकंद. तेवढ्यात मेव्हणी उतरून आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "नाना, काय झालं? आता उद्याचं कसं?"

साडू म्हणाले, "काही नही. भाता कमी पडना."

मग त्यांनी टाकीचा नळ पूर्ण उघडला. रेडिएटरला पाणी लागतं, असं त्यांनी तिला सांगितलं. रेडिएटरने चारेक लिटर घेतलं असेल. बाकीचं घाटाच्या कडेच्या गटारातून खाली धुळ्याकडे निघालं. वाटेत पाणी मुरू नये म्हणून आयुष्यभर कालव्यांना अस्तर घालणारा मी तिथेच उभा राहून पाहत होतो. मेव्हणीने विचारलं, "नाना, रेडिएटर पितं तरी किती?" साडू म्हणाले, "गंज तहान लागेल व्हती त्याले." (गंज म्हणजे खूप.) टाकी रिकामी झाल्यावर त्यांनी भात्याचा पट्टा कापला, हवेची नळी सरळ इंजिनला जोडली, आणि जुन्याच दमावर, पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या गतीने पिकअपने ट्रॉली वर नेली. आर्वीला पोचल्यावर त्यांनी जवळच्या विहिरीवरून कॅन भरून आणायला तीन खेपा केल्या. दुसऱ्या दिवशी पंचेचाळीस माणसं जेवली आणि मेव्हणीची जागा राहिली.

याला तीन वर्षं झाली. 'नानांचा भाता' ही आमच्या घरातली म्हणच झाली आहे. कुणाचा मिक्सर अडकला, कुणाचा पोरगा गणितात नापास झाला, की भाता कमी पडला. खुद्द भाता शिंदखेड्याला स्वयंपाकघरात आहे; अक्का तो कैरीचं लोणचं दाबायला वापरतात आणि आलेल्या-गेलेल्याला दाखवतात. साडू हसतात. आणि मीही हसतो, हे लिहायलाच हवं. सगळ्यांपेक्षा थोडा जास्तच मोठ्याने हसतो. सांगायचं असं दर वेळी ठरवतो आणि दर वेळी कोणीतरी चहा आणतं. त्या अंदाजपत्रकावर मी नंतर पेन्सिलने एक ओळ वाढवली, 'पाणी: ५०० किलो', पण ती वाचणारा घरात मी एकटाच.

परवाच्या दिवाळीत आम्ही सगळे शिंदखेड्याला होतो. निघताना साडू प्रत्येक गाडीपाशी गेले. मेव्हणीला विचारलं, "पानी देखं का?" माझ्या पुतण्याला त्याच्या बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटरबद्दल विचारलं. शेवटी माझ्याकडे आले. मी काच खाली केली आणि थांबलो. त्यांनी टपावर दोन थापा मारल्या आणि म्हणाले, "दमानं जा, साडूभाऊ." तीन वर्षांत तो प्रश्न त्यांनी मला एकदाही विचारलेला नाही. बाकी सगळ्यांना विचारतात.

गावाबाहेरच्या वळणावर, ते दिसेनासे झाल्यावर, मी गाडी कडेला घेतली. बायको म्हणाली, "काय झालं?" काही नाही, म्हणालो. उतरलो, बॉनेट उघडलं आणि पाणी पाहिलं. खुणेपर्यंत होतं.