न सापडलेली खूण

चाळीस वर्षं मी सापांवर डूख धरून होतो. मी दोन वर्षांचा असताना हिवरखेडच्या शेतात वडील साप चावून गेले, असं घरात सगळेच सांगायचे. नागपंचमीला गल्लीतली पोरं वारुळाकडे पळत, तेव्हा मी फुगून घरात बसायचो. अजूनही गवतात पाय ठेवण्याआधी काठी आपटतो. बायको हसते.

गेल्या वर्षी बडनेरा स्टेशनचा पूल चढताना मी भोवळ येऊन पडलो. तिथंच तिकीट खिडकीवर माझी नोकरी. अमरावतीच्या डॉक्टरबाईंनी तपासण्या करून सांगितलं, हृदयाचा स्नायू जाड झालाय. हा आजार घराण्यातून येतो आणि काही जणांचं हृदय त्यात अचानक बंद पडतं. त्या काही जणांत मी आहे का, याचा अंदाज त्या कॉम्प्युटरवर काढत होत्या. वय, स्नायूची जाडी, भोवळ, सगळं भरून झालं.

"आई-वडील, भावंडं, कुणी चाळिशीच्या आत अचानक गेलंय?"

"वडील गेले, पण साप चावून," मी म्हणालो.

त्यांनी 'नाही' भरलं. आकडा धोक्याच्या रेषेच्या थोडा अलीकडे आला. गोळ्या घ्या, सहा महिन्यांनी या, एवढंच. माय शेजारीच बसून ऐकत होती. मी इतका खूश झालो की जिना उतरताच तिला म्हणालो, चल, गिला वडा खाऊ.

माय जिन्यापासून हलेना.

"साप नव्हता चावला तुह्या बापाले. म्या नखापासून केसापरेंत पाह्यलं. दाताची खूण कुठीच नव्हती. पऱ्हाटीच्या वावरात उभा होता, तो आडवाच झाला."

"मंग साप कुठून आला?"

"तुह्या आबाजीनं आणला. लग्नाले तीनच वर्षं झाली होती. लोकं मले पांढऱ्या पायाची म्हन्तीन म्हणून त्याईनं सांगतलं, साप जाताना म्या पाह्यला."

"अन् तू इतकी वर्षं काहून नाही बोलली?"

"माह्या सासऱ्याले, आबाजीले, खोटं पाडू?"

मला आबाजींचा भयंकर राग आला. ते असते तर त्यांच्या पायाही पडलो असतो.

पुन्हा वर गेलो. डॉक्टरबाईंनी मायलाच वडिलांचं तेव्हाचं वय विचारलं. "एकोणतीस," ती म्हणाली. 'नाही'चं 'हो' झालं आणि आकडा रेषेपलीकडे गेला. वडिलांना नेमकं काय झालं होतं ते आता कळणार नाही, त्या म्हणाल्या, पण हे सोडूनही देता येणार नाही. छातीत कातडीखाली यंत्र बसवायचं ठरलं. ठोके भलतेच बिघडले की ते आतूनच झटका देतं.

टाके काढून घरी आलो, तेव्हा मायनं मला शर्टाची बटणं सोडायला लावली. गळ्याच्या हाडाखालचा व्रण तिनं बोटानं चाचपला, चष्मा पुसून पुन्हा पाहिला.

"त्या दिवशी एवढीशीच खूण शोधून राह्यली होती मी," ती म्हणाली, "तुह्या बापाच्या साऱ्या अंगावर."