ओरिनच्या हातच्या दोनशे गोळ्या

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी बंदुकीच्या दुकानामागच्या नेमबाजीच्या मैदानावर ओरिन टॅकेटने एकशे बारावी गोळी झाडली आणि वहीत रेघ ओढली. सात यार्डांवर लाकडी चौकटीला जेवणाची कागदी थाळी चिकटवलेली होती. तिचा मधला भाग आता चाळणीसारखा झाला होता.

पिस्तूल खिशात मावणारं होतं. वजन अकरा औंस, कॉफीच्या भरलेल्या कपापेक्षा कमी. दोन आठवडे ते ओरिनच्या पँटच्या उजव्या खिशात पातळ चामड्याच्या कव्हरात राहिलं होतं. चर्चमध्ये, गवत कापताना, दातांच्या डॉक्टरकडे. त्या खिशात दुसरं काही ठेवायचं नाही, किल्लीसुद्धा नाही, हा त्याचा नियम. मग न पुसता, खिशातल्या कचऱ्यासकट दोनशे गोळ्या. एक जरी अडकली तरी पिस्तूल नापास.

ओरिन अडुसष्ट वर्षांचा. केंटकीच्या या भागात तो चाळीस वर्षं गॅसच्या पाइपलाइनवर पाना चालवत होता. ड्वाइट कोम्ब्सच्या बंदुकीच्या दुकानात गेली एकोणीस वर्षं छोटी पिस्तुलं तोच तपासतो. त्याचा शेरा कार्डावर लिहून पिस्तुलाला दोऱ्याने बांधतात. गिऱ्हाईक आधी कार्ड वाचतं, मग किंमत विचारतं.

दोनशे झाल्या. एकही अडकली नाही. ओरिनने कार्डावर लिहिलं, ‘घ्यायला हरकत नाही.’

नऊ वाजता त्याची बहीण ट्विला आली. वय एकसष्ट, घरं विकायचा व्यवसाय. रिकाम्या घरात अनोळखी माणसाला एकटीने घेऊन जाणं हेच तिचं काम. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाने आत आल्यावर आपल्यामागे दाराला कडी घातली. ती स्वयंपाकघराच्या दाराने बाहेर पडली. पुढे काही झालं नाही. पण तेव्हापासून तिने एकटीने घर दाखवलेलं नाही.

“हेच ना?” तिने पिस्तूल जॅकेटच्या खिशात टाकून पाहिलं. “कळतसुद्धा नाही आहे म्हणून. बांधून दे.”

“आधी चालव.”

तिसऱ्या गोळीला रिकामी पुंगळी वरच्या फटीत उभी अडकली, छपरावरच्या धुराड्यासारखी.

“मनगट ढिलं सोडतेस तू. घट्ट धर,” ओरिन म्हणाला.

“घट्टच धरलंय! आणखी घट्ट म्हणजे काय, गळा दाबू त्याचा?”

चोवीस गोळ्यांत पाच अडकल्या. ओरिनने पिस्तूल घेऊन त्याच डब्यातल्या बारा झाडल्या. बाराच्या बारा सुरळीत.

“तुझ्यावर जीव आहे बाबा त्याचा,” ट्विला म्हणाली. “मी काही तुझ्यासारखे पाइप आवळले नाहीत. मी कुलपं उघडते.”

ड्वाइट मागे उभा होता. “माल चांगला आहे, ओरिन. हात कच्चा आहे. कार्ड बांध.”

“हलकं पिस्तूल आहे. मागचा धक्का पेलायला घट्ट मनगट नसेल तर त्याचा वरचा भाग पुरता मागे सरकतच नाही, आणि पुंगळी अडकते.”

“मग शिकव की तिला.”

“शिकवीन. पण दाराला कडी पडल्यावर तिला माझे शब्द आठवतील?”

ओरिन दुकानात भिंतीपाशी गेला. तिथे विकल्या गेलेल्या पिस्तुलांची जुनी कार्डं टाचलेली होती. साठेक असतील. निम्मी तरी बायकांनी नेलेली. प्रत्येकावर त्याचीच सही, प्रत्येक गोळी त्याच्याच हातची.

“यातल्या किती जणींनी तुझ्यासमोर चालवून पाहिलं?” ट्विलाने विचारलं.

“एकीनेही नाही.”

त्याने कार्डावरचा शेरा खोडला आणि खाली लिहिलं, ‘माझ्या हातात अडथळा नाही. ट्विलाच्या हातात चोवीस गोळ्यांत पाच. स्वतः चालवल्याशिवाय घेऊ नये.’

“असं लिहिल्यावर विकायचं कसं?” ड्वाइट म्हणाला.

“चालवायला देऊन.”

मग त्याने कपाटातून पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्वर काढलं. वजन सोळा औंस, चाप कडक. त्यात मागेपुढे सरकणारं काही नसतं. मनगट ढिलं असलं तरी पुढची गोळी चाप ओढला की सुटते. ट्विलाने पाच झाडल्या. तीन थाळीत, दोन मातीत.

“तळहात जळतोय माझा. आणि खिसा बघ कसा लोंबतोय!”

“जॅकेट बदल.”

“हे जॅकेट नव्वद डॉलरचं आहे.”

विसाव्या गोळीनंतर तिच्या बोटाला चाप ओढवेना. अडथळा एकही नव्हता. ओरिनने रिव्हॉल्वर रिकामं करून काउंटरवर ठेवलं.

“पन्नास व्हायला हव्यात. तुझ्या हातून. तोवर पास नाही.”

“मला दोन वाजता घर दाखवायचंय.”

“मी येतो. ट्रकमध्ये बसेन.”

“ट्रकमध्ये नको. व्हरांड्यात बस. दिसायला हवास.”

उद्या बुधवार. मैदान सातला उघडतं. पहिली जागा सव्वाआठपर्यंत ट्विलाच्या नावाने लिहिलेली आहे, गोळ्या तीस.