पाडव्याला गादीवर

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. बायकोला तर नाहीच. ती गेली, आणि आता घरात बोलायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगून राहिलो. चौथी शिकलेला माणूस आहे. सरळ सांगावं म्हणतो — बघू, जमतं का.

माझा धंदा माणसं शोधायचा. हमाल-मजूर नव्हे, लातूरच्या डाळमिलांना मॅनेजर लागतो, सगळी मिल ज्याच्यावर सोपवावी असा. उदगीर, औसा, देगलूर फिरून तसा माणूस मी आणायचो. एका मोठ्या मालकानं मला सालाच्या बोलीवर धरलं होतं. किती फिरलो, किती माणसं दाखवली, तो विचारायचा नाही. त्याचं माप एकच. "तू बसवलेला माणूस दिवाळी-पाडव्याच्या पूजेला मिलच्या गादीवर दिसला, तर तुझं काम झालं. न्हाई तर न्हाई."

कित्येक वर्षं मी त्या मापात उतरलो. मग मालकाचा पोरगा पुण्याहून शिकून आला. त्याला हे काम तिकडच्या एका कंपनीला द्यायचं होतं. "मामा, औंदा तुमचा माणूस उठला, की तुम्हीबी उठा," म्हणाला अन् हसला. मीपण हसलो.

त्या साली बसवलेला माणूस शिवानंद. देगलूरचा, शांत, कामाला चोख.

लक्ष्मीपूजनाच्या सकाळी त्याच्या वडलांचा, आप्पांचा, मला फोन आला. शिवानंदच्या आईनं अन्नपाणी सोडलं होतं. आप्पा म्हणाले, "फोनवर एकदम कळालं तर घाबऱ्या-घाबऱ्या मोटरसायकल काढंल. तुम्ही जवळ बसून सांगा, गाडीत घालून धाडा." मी हाव म्हणालो. बायको करंज्या तळत होती, तिनं सगळं ऐकलं. "बसलात काय? जावा की," म्हणाली.

गेलो. शिवानंद गादीच्या खोलीत हार लावून राहिला होता. "या मामा, चहा घ्या." घेतला. दोन वाक्यांचं तर काम होतं — काय अडलं? पाडवा दुसऱ्या दिवशीच होता. एकच दिवस, म्हातारी काढंल, असं मनाला सांगितलं. कप ठेवला अन् निघालो.

संध्याकाळी परत आप्पांचा फोन. निघाला का? आणि तेव्हा — काय सांगू तुम्हाला — मी म्हणालो, "सांगितलं हो आप्पा. म्हणतो, पूजा उरकून येतो."

आप्पांनी एवढंच म्हटलं, "बरं."

बायकोलाही तेच सांगितलं.

पाडव्याला शिवानंद गादीवर दिसला. मालकानं माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर मी शिवानंदला बाजूला घेतलं, आत्ताच फोन आला म्हणालो, गाडीत बसवलं. तो पोचायच्या आत आई गेली होती. काम तर पुढल्या साली त्या कंपनीलाच गेलं.

आप्पा तेव्हापासून लेकाशी नीट बोलत नाहीत. शिवानंद मलाच विचारायचा, "मामा, आप्पा असे का झाले?" मी म्हणायचो, वय झालं.

आमची ही त्याला कधी चहा विचारायची नाही. तो आला की आत जायची. ही अंथरुणाला खिळली, तेव्हा दवाखान्यात नेलं कुणी? त्यानंच. रात्री उशाशी बसायचा तोच. एकदा हिनं त्याचा हात धरला. "लेकरा, मी तुला लई वाईट समजले. मनात धरू नको." त्याला काही कळालं नाही. "मामी, पडून ऱ्हावा," एवढंच म्हणाला.

मी पायथ्याशी उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर तिला कळालं असतं, ती कुणाबरोबर नांदली. मी तिच्या पायावरची चादर सारखी केली. त्याच आठवड्यात ती गेली.

आप्पा आहेत अजून. शिवानंद सणाला देगलूरला जातो, पाया पडतो, परत येतो. त्या दिवशी 'पूजा उरकून येतो' असं तो म्हणालाच नव्हता. त्याला कुणी विचारलंच नव्हतं.