इराच्या खोलीतला दिवा

माझा नवरा पुरुषोत्तम भित्रा आहे, हे मी त्याच्या तोंडावरही म्हणते. मोटरवेवर तो ट्रकच्या शेजारून गाडी काढत नाही. फोनवर इमर्जन्सी अलर्टची नुसती चाचणी वाजली तरी उठून दारात उभा राहतो. शहराच्या पलीकडच्या टोकाला, ईस्ट टामाकीला, इलेक्ट्रिकल पॅनल बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, म्हणजे दिवसभर विजेशीच गाठ, आणि घरी टोस्टर बिघडला तर मला म्हणतो, तू आधी प्लग काढ.

अशा माणसाच्या गळ्यात आमच्या लेकीने समुद्र बांधला. इरा देशाच्या पार दक्षिण टोकाला, डनीडिनला शिकायला गेली, तेव्हा तिच्या खोलीतला खाऱ्या पाण्याचा टँक बाबाच्या हवाली करून गेली. आत थोडे कोरल आणि मधोमध एका दगडाला धरून बसलेलं तिचं लाडकं अ‍ॅनिमोन. मराठीत त्याला समुद्रफूल म्हणतात, पण ते फूल नाही, जिवंत प्राणी आहे. जाड बोटांचा झुबका पाण्यात डुलत असतो. "बाबा, एवढं सांभाळ," म्हणाली आणि गेली. घरात आता आम्ही दोघं आणि सासूबाई.

तिने इतक्या लांब जाऊ नये म्हणून याने आकाशपाताळ एक केलं होतं. तिकडे थंडी, रस्ते घसरडे, एकटी पोर. शेवटी बापलेकीत बोलणंच उरलं नाही. उरला तो टँक. रोज सकाळी इराचा फोन यायचा, इंग्रजीत एकच प्रश्न, कसं आहे ते? आणि हा मराठीतून बयाजवार सांगायचा. मला तर ती दोन वाक्यांत गुंडाळायची.

जूनमध्ये, इकडच्या ऐन हिवाळ्यात, टँकवरचा दिवा गेला आणि पुरुषोत्तमची पाचावर धारण बसली. या जिवांच्या अंगात बारीक शेवाळ राहतं, ते उजेडावर अन्न बनवतं आणि त्यावर हे जगतात. उजेड कमी पडला तर उपासमार. जास्त झाला तर ते शेवाळच बाहेर टाकून देतात आणि पांढरे पडत जातात. हे वाचल्यावर तो माउंट वेलिंग्टनच्या अक्वेरियमच्या दुकानात ट्यूब आणि एलईडी यांच्यामध्ये असा उभा राहिला, जणू एकाने जीव वाचणार होता आणि दुसऱ्याने जाणार होता. दुकानातल्या पोराने शेवटी एलईडी हातात दिला. "सुरुवातीला मंद ठेव, हळूहळू वाढव. स्वीट अ‍ॅज." स्वीट अ‍ॅज, म्हणजे सगळं झकास, म्हणायला त्याचं काय जात होतं?

दिवा टायमरवर लावला. उजाडल्यावर चालू, दिवस मावळताना बंद. काही दिवसांत अ‍ॅनिमोन आक्रसायला लागलं. रंग उतरला. याला वाटलं, उजेड कमी पडतोय, म्हणून वाढवला. ते आणखी पांढरं झालं. मग घाबरून कमी केला, तरी फरक नाही. त्या महिन्यात त्याला दुपारची पाळी होती. रात्री अकराला घरी आला की बूट न काढता टॉर्च घेऊन आधी त्या खोलीत. इराला मात्र "बरं आहे" सांगायचा.

मग अ‍ॅनिमोनने दगड सोडला. हा प्राणी घाबरला की चालायला लागतो, हे मला तेव्हा कळलं. काचेवरून सरकत सरकत ते पाणी फिरवणाऱ्या पंपाकडे निघालं होतं. पंपात ओढलं गेलं तर चिंधड्या होणार आणि त्याच्या विषाने सगळे कोरलही जाणार. पुरुषोत्तमने पंपाला स्पंज बांधला, कामावर रजा टाकली आणि टँकसमोर बसला. मी त्या दिवशी घरून काम करत होते, मलाही शेजारी बसवलं.

"एका प्राण्यासाठी किती जीव टांगणीला लावशील?" मी वैतागून म्हणाले.

"मधू, हे मेलं तर ती मला फोन कशाला करेल?"

मी लॅपटॉप मिटला आणि खुर्ची टँकजवळ ओढली. बाहेर आमच्या न्यू लिनची थंड संध्याकाळ उतरत होती. टायमरने टिक् केलं आणि टँक काळोखात गेला. आम्ही तसेच बसून राहिलो.

थोड्या वेळाने दार उघडलं. देवघरातली उदबत्ती अजून हातात घेऊन सासूबाई आत आल्या. आम्ही अंधारात बसलोय हे त्यांना दिसलंच नाही. त्या सरळ भिंतीपाशी गेल्या, टायमरवरचं छोटं बटण दाबलं, खोली निळ्या-पांढऱ्या उजेडाने भरली आणि त्यांनी हात जोडले.

"आई!" पुरुषोत्तम ताडकन उठला.

सासूबाई इतक्या दचकल्या की उदबत्ती खाली पडली. "काय रे, जीव घेतोस का?"

"हा दिवा तू लावतेस? रोज?"

"मग? तुझं ते यंत्र ऐन दिवेलागणीला दिवा मालवतं. पोर घराबाहेर आहे आणि तिच्या खोलीत अंधार? मी लावते आणि निजताना आठवणीने बंद करते."

दाराखालून येणारा तो उजेड मी रोज बघत होते. मला वाटायचं, टायमरच आहे. म्हणजे दिवसभराचा उजेड आणि वर सासूबाईंच्या मायेचा. त्या जिवाला पुरेशी रात्रच मिळत नव्हती. काय झालं ते कळलं तशा सासूबाई पलंगावर बसल्या. "मेलं का रे ते?" एवढंच त्या परत परत विचारत राहिल्या.

पुरुषोत्तमने तेव्हाच इराला फोन लावला. "इरा, अ‍ॅनिमोन आजारी आहे. मी तुला खोटं सांगत होतो. माझंच चुकलं."

सासूबाईंनी पुढे होऊन फोन ओढून घेतला. "त्याचं नाही गं, माझं. मी दिवा लावत होते. तू बाहेर आहेस म्हणून."

पुरुषोत्तमने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मग इरा म्हणाली, तेही मराठीत, "आजी, रडू नको. पोर्चचा लाइट लाव ना. मी घरी येते तेव्हा तिथूनच येते."

अ‍ॅनिमोन परत दगडाला चिकटलंय. अजून फिकं आहे, जगेल की नाही सांगता येत नाही, आणि पुरुषोत्तम अजून घाबरलेलाच आहे. पोर्चचा बल्ब मध्येच गेला तर, म्हणून जादा बल्ब आणून ठेवलेत. पण इराचा फोन हल्ली सकाळी येत नाही. आता त्याला सकाळची पाळी आहे, तो दिवस मावळायच्या आत घरी असतो, आणि ती बरोबर दिवेलागणीला करते. काल अ‍ॅनिमोनचं नाव तिने शेवटी काढलं. आधी विचारलं, "बाबा, दिवा लावला?"