सुपातला भुसा

काष्टीत आमच्या गल्लीत गच्चीवर छोटी पवनचक्की फक्त शेजाऱ्यांची. लोक हसतात, म्हणून भेटले की त्यांचं एकच म्हणणं, "अण्णा, तुमी बी बसवा. दोघं झालो म्हंजी कुनी येडं म्हननार न्हाई."

सोलर रात्री बंद असतं, पवनचक्की रात्रीही वीज देते, असा हिशेब करून मी शेवटी होकार दिला. दुसऱ्याच संध्याकाळी ते सुपात बाजरीचा भुसा घेऊन आमच्या गच्चीवर हजर.

"सूप कशाला?"

"वारं बघाया."

खळ्यावर उपणतात तसा त्यांनी भुसा वरून सोडला. तो सरळ त्यांच्याच पायांवर पडला. चारी कोपऱ्यांत तेच.

"तुमच्या दारातलं चिंचंचं झाड वारं अडवतंय, अण्णा. तुमी सोलरच लावा."

झाडू मागून त्यांनी गच्ची स्वच्छ केली. जिना उतरताना म्हणाले, "गल्लीला एक येडा पुरं हाय."