प्रेमलाबाईंनी उखडलेली फरशी

प्रेमलाबाई मोहिते बडोद्यात सयाजीगंजच्या एका शाळेत एकवीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवत होत्या, आणि घरी मात्र त्यांना रोप लावायला मूठभर माती नव्हती. मागचं सगळं अंगण सासऱ्यांनी कोटा फरशीनं बंद करून टाकलं होतं. कुंड्या आणल्या की नवरा, दत्ताजीराव, लाथेनं फोडायचा. फरशीला डाग पडतात म्हणे. बाईंनाही मारायचा, पट्ट्यानं, चपलेनं, हाताला लागेल त्यानं.

१९८३च्या एप्रिलात कुंडीतलं पाणी फरशीवर ओघळलं, म्हणून त्यानं केस धरून त्यांचं डोकं तिथंच आपटलं. तीनदा. शेजारच्या हंसाबेननी रिक्षातून दवाखान्यात नेलं. कपाळाला सात टाके पडले.

मे महिन्यात दत्ताजीराव लग्नासाठी चार दिवस करजणला बहिणीकडे गेला. बाईंनी हंसाबेनकडून पहार आणि फावडं मागून आणलं.

"मजूर बोलावू का, बेन?" हंसाबेननी विचारलं.

"नको. ही मीच काढणार."

फरशीखाली चुन्याचा थर होता, त्याखाली विटांचा रोडा. तळहातांचे फोड फुटले, पहार रक्तानं निसटू लागली, तेव्हा त्यांनी हाताला जुन्या साडीच्या पट्ट्या गुंडाळल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी निम्मं अंगण मोकळं झालं होतं.

त्याच दुपारी तो परत आला, एक दिवस आधीच.

"माझ्या बापाची फरशी उखडतेस?" एवढंच म्हणाला आणि फावडं उचलून त्यानं त्यांच्या उजव्या खांद्यावर घातलं. बाई रोड्यावर कोसळल्या. त्यानं फावडं पुन्हा उगारलं. पडल्या पडल्या बाईंनी डाव्या हातानं पहार फिरवली. ती त्याच्या नडगीवर बसली. हाड मोडल्याचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला.

तो आडवा झाला. बाई उठल्या, त्याच्या डोक्यावर पहार उचलून उभ्या राहिल्या. त्यानं दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं. इतकी वर्षं त्या स्वतः असंच झाकून घेत आल्या होत्या. पण तसं पाहून त्यांना दया आली नाही. मारावं, एवढंच वाटलं. आरडाओरडा ऐकून धावत आलेल्या हंसाबेननी मागून कंबरेला मिठी मारली.

"छोडी दो, बेन. एने माटे जेलमां नथी जवुं." सोडा, याच्यापायी तुरुंगात जायचं नाही, असं त्या पुन्हा पुन्हा विनवत राहिल्या.

पहार खाली पडायला बराच वेळ लागला.

पोलिसांनी दोघांचे जबाब घेतले. भिंतीपलीकडून इतकी वर्षं काय ऐकलं, ते हंसाबेननी एकेक करून सांगितलं. पायाला प्लॅस्टर घालून दत्ताजीराव करजणला गेला, तो तिथंच राहिला.

बाईंनी रोडा उपसून काळी माती टाकली, शेणखत मिसळलं आणि हरळीची मुळं टोचली. दिवाळीपर्यंत अंगण हिरवंगार झालं. उजवा हात मात्र पुन्हा खांद्याच्या वर उचलला गेला नाही. गवत त्या बसून, डाव्या हातानं कातरायच्या. कुणी लॉनचं कौतुक केलं की चहा ठेवायच्या. कुणी खोदून विचारलं, तर त्या दिवशी आपण माणूस मारायला निघालो होतो, हेही सांगायच्या.