मामींच्या कणसातले दाणे

लातूरच्या प्रयोगशाळेत मी ज्वारीच्या दाण्यातली बुरशी रोखणारी प्रथिने शोधत होतो, तेव्हा दाणे कुटायचे काम, प्रयोगशाळेत सगळे ज्यांना मामा म्हणत, त्यांच्याकडे होते. शिपाई म्हणून लागले असले, तरी दाणा ओळखण्यात ते माझ्या पदवीच्या पुढे होते. प्रत्येक वाणाचा एक दाणा दाताखाली फोडून ते आवाज ऐकत. "पिचका हाय, मऊ; बुरशी खाईल," म्हणत, आणि बहुधा तसेच होई. मला चिडवतही, "सर, समदे शिकवणीचे क्लास काढायलेत, अन् तुम्ही बुरशी पाळता!"

भूकंपात त्यांचे घर पडले, मामी गेल्या. पंधरा दिवसांनी ते कामावर आले, ते मामींनी पुढच्या पेरणीसाठी आढ्याला टांगलेली कणसे घेऊन. ढिगाऱ्याखाली पावसात भिजून ती काळी पडली होती. एकाच कणसातले मूठभर दाणे स्वच्छ होते.

"बघा सर, हे कसं वाचलं?"

मी हरखून सगळेच दाणे कुटायला सांगितले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि खाली मान घालून खल पुढे ओढला.

चौथ्या दिवशी काचेच्या बशीत त्या दाण्यांच्या अर्काभोवती बुरशी वाढायची थांबली होती. मी आनंदाने त्यांना बोलावले. त्यांनी बशी उचलून उजेडात धरली.

"म्हंजी पेरलं असतं, तर आलं असतं ना?"

शेतकऱ्याच्या घरात वाढूनही चार दाणे बियाण्याला बाजूला काढायचे मला सुचले नव्हते.

"हो, मामा," मी म्हणालो.